रॉयपुटचा लंगडा ठोका

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसात आवाज ओळखायचा खेळ चालतो.

खेळ आपलं म्हणायचं. काम आहे ते. आठवडाभरात दुर्बिणीच्या कानात नको ते जे काही शिरलं, ते आमचे साहेब, मेनीर फॉर्टेन, भिंतीवरच्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकवतात. कुणाच्या वेल्डिंगची खरखर. शिकाऱ्यांचे वॉकीटॉकी. वाट चुकलेल्या पाहुण्याचा मोबाइल. ज्याला ओळखता येईल त्याने उभं राहायचं आणि सांगायचं: आवाज कशाचा, कुणाचा, कुठून. मग त्या माणसाला समज दिली जाते.

रोझेल्डा फिसाखी हा खेळ कधी हरली नव्हती. फॉर्टेन बटण दाबत आणि ती अर्धी उठलेली असे.

"ब्रिंकांचा जनरेटर. प्लग बदला म्हणावं. सांगून सांगून थकले."

"रोझेल्डा, तुझं लग्न झालं की नवऱ्याचं घोरणंसुद्धा इथे ऐकवशील," कुणीतरी म्हणे.

"घोरणारा नवरा मी हद्दीबाहेर ठेवीन."

हद्द म्हणजे तबकड्यांची हद्द. क्लिपकोल्क गावातून कच्च्या रस्त्याने बराच वेळ गेलं की टेकड्यांच्या मधल्या पठारावर त्या पांढऱ्या तबकड्या उभ्या आहेत. आकाशातून येणारे रेडिओचे आवाज त्या ऐकतात. ते इतके क्षीण असतात की जवळपास एक ठिणगी उडाली तरी बुडून जातात. म्हणून हद्दीत मोबाइल नाही. पेट्रोलची गाडी नाही, कारण तिच्या इंजिनात ठिणगी असते. रोझेल्डाचं काम होतं ठिणग्या शोधायचं. टपावर अँटेना लावलेली डिझेलची गाडी घेऊन ती शेतं, मेंढवाडे, पंप असं दिवसभर हिंडायची.

तिला हिंडायलाच लागायचं. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, म्हणजे मी होते आणि ती जाऊनयेऊन असे. चहा ती उभ्याने पिते. चर्चमध्ये बाकाच्या टोकाला बसते, म्हणजे बाहेरच्या बाजूला पाय हलवता येतात. तिच्या घरी गेलं तर बोलता बोलता ती चार वेळा उठून खिडकी उघडते आणि लावते.

मी केपटाउनला साहित्य शिकले आणि परत आले. नोकरी मिळाली ती याच ऑफिसात. शाळेतल्या पोरांना आणि मेंढपाळांना दुर्बीण काय ऐकते ते सोप्या भाषेत सांगायचं.

"काय गं साहित्यिक," रोझेल्डा म्हणे, "आज कुठला तारा रडवलास?"

त्या ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, वृश्चिकाच्या शेपटाजवळ एक कृष्णविवर जागं झालं. पोरांना मी ते असं सांगितलं. एक तारा आणि एक कृष्णविवर एकमेकांभोवती फिरताहेत. कृष्णविवर ताऱ्याचं अंग ओढून घेतं. ओढलेलं सरळ पोटात जात नाही. भोवती गरगरत राहतं, साठतं, वर्षानुवर्षं. मग एकदा भडका उडतो आणि ते तापून क्ष-किरणांनी झळाळायला लागतं. त्यातलं पुष्कळसं आत जातं. पण थोडं वर आणि खाली, दोन्ही अंगांनी, बाहेर फेकलं जातं. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. त्याला आम्ही झोत म्हणतो.

एका मुलीने विचारलं, "मिस, फेकलं गेलं म्हणजे ते वाचलं का?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

फेकण्याच्या आधी एक गोष्ट होते. आधीचा बारीक झोत आटतो. रेडिओवर कृष्णविवर गप्प होतं. ते गप्प झालं की आता फेकणार, एवढं कळतं. कधी, ते कळत नाही. केपटाउनच्या डॉ. सिफोकाझी याच घडीची कित्येक वर्षं वाट बघत होत्या. त्यांच्यासाठी तबकड्या रोज दुपारी उगवल्यापासून मावळेपर्यंत त्या एका ठिपक्याकडे वळायला लागल्या. त्या दिवसातून अनेकदा फॉर्टेनना फोन करत. आणि फॉर्टेन रोझेल्डाला.

"शांतता हवी, रोझेल्डा. काडी ओढल्याचासुद्धा आवाज नको."

"काडीचा आवाज येत नाही, मेनीर."

"मला माहीत आहे येत नाही. तरी नको."

आणि तेवढ्यात ती टिकटिक सुरू झाली. सूर्य बुडाला की सुरू व्हायची.

सोमवारी फॉर्टेननी बटण दाबलं. टिक. टिक. टिक. घड्याळासारखी, पण घड्याळापेक्षा जरा आळशी. मग एक ठोका लंगडला. उशिरा आला. पुन्हा टिक. टिक.

"कुंपण," दोघंतिघं एकदम म्हणाले. "कोल्ह्यासाठी तारेत वीज सोडलीय."

"कुंपण आहे हे माझ्या आजीलाही कळतं," फॉर्टेन म्हणाले. "कुणाचं?"

सगळे रोझेल्डाकडे बघायला लागले. ती बसलेली होती. ती बसली आहे हेच मला आधी खटकलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "शोधते."

"रोझेल्डाला माहीत नाही! आज बर्फ पडणार."

सगळे हसले. तीही हसली. तिचे पाय टेबलाखाली अगदी स्थिर होते.

बाहेर अंगणात तिने गाडीचं दार उघडलं आणि मला म्हणाली, "बस."

"कुठे?"

"बस म्हटलं ना."

तिने आधी गाव मागे पडू दिलं. मग म्हणाली, "पाची पेटी आहे ती."

पा म्हणजे तिचे वडील. लोडेवेक फिसाखी. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आम्ही ऊम म्हणतो, तसे ते ऊम लोडी. गाढवाच्या गाडीवर जन्मले. त्यांचे आईबाप मेंढ्यांची लोकर कातरत या शेतावरून त्या शेतावर जायचे. जिथे कातरणी संपली तिथून गाडी हलली. चुलीची राख एकाच जागी साठलेली त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती रॉयपुटला. रॉयपुट म्हणजे एक खोली, एक पवनचक्की, दगडी मेंढवाडा. मालकाच्या मेंढ्या राखायच्या, त्यात आपल्याही काही ठेवायच्या, असं ठरलं आणि ऊम लोडी तिथे राहिले. बायकोला त्यांनी मागच्या टेकाडाखाली पुरलं. नंतर तबकड्या आल्या. जमीन दुर्बिणीची झाली, चराई मालकाकडे राहिली. ऊम लोडी होते तिथेच राहिले.

"पेटी कसली?"

"कुंपणाची. बॅटरीवर चालते. लोकर कातरल्याच्या बदल्यात कुणीतरी आजोबांना दिली होती. ठोका तेव्हापासूनच लंगडा. लहानपणी मी त्या आवाजावर झोपायचे. दुर्बीण आली तेव्हा पाने ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली." तिने गिअर बदलला. गरज नव्हती. "म्हणजे ट्रंक उघडली."

आम्हा दोघींना नियम पाठ होता. रॉयपुटच्या चराईला आधीच दोनदा समज मिळालेली. एकदा मालकाच्या वेल्डिंगमुळे, एकदा त्याच्या शिकारी पाहुण्यांमुळे. तिसऱ्या वेळी चराई बंद. मेंढ्या बाहेर, राखणाराही बाहेर.

ऊम लोडी चक्कीच्या टाकीशी उभे होते. वारा सुटलेला. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"या. आव्रिल, तू वाळलीस. केपटाउनला जेवायला घालत नाहीत का?"

"मला परत येऊन दोन वर्षं झाली, ऊम."

"मग तुझी आई घालत नसेल."

"पा," रोझेल्डा म्हणाली, "पेटी बाहेर काढलीत?"

त्यांनी मेंढवाड्याकडे बोट केलं. दगडी भिंतीच्या वरून एक तार गेलेली होती. तारेवर लोकरीचे पुंजके अडकून वाऱ्यावर उडत होते.

"कोल्हा आलाय. जोडी आहे. कोकरू जमिनीवर पडलं की नेलंच. नेतात तेही धड खात नाहीत. पोट फाडून टाकून देतात."

"मला आधी सांगायचं होतं."

"कसं सांगणार? फोन तुम्हीच काढून नेलात."

रोझेल्डा हसली नाही. ती तारेच्या बाजूने चालत गेली आणि परत आली. पुन्हा गेली.

"तुमची ती बया," ऊम लोडी मला म्हणाले, "आकाशातली. जिच्यासाठी सगळे गप्प. काय खाते ती?"

"तारा, ऊम."

"अख्खा?"

"हळूहळू. थोडा खाते, थोडा फेकून देते."

"म्हणजे माझा कोल्हाच की. फरक एवढाच, तिला बघायला जगभरातून माणसं येतात. माझ्या कोल्ह्याला कुणी विचारत नाही."

"पा, तिसरी समज आहे ही."

तेव्हा त्यांनी टोपी पुन्हा काढली. टेकाडाकडे बघितलं नाही, पण बघायचं टाळलं ते मला दिसलं.

"मग काय म्हणतेस?"

"पेटी बंद करा. तो ठिपका आकाशात आहे तोवर मी राखते. मावळला की लावा."

"तू राखणार? एका जागी उभं राहवेल तुला?"

"राखायला उभं राहावं लागत नाही. फिरावं लागतं."

"माझी आई असंच म्हणायची," ते म्हणाले, आणि आत जाऊन पेटीची खिट्टी खाली केली.

त्यानंतर रोज असं चाललं. दिवसभर रोझेल्डा इतरांचे आवाज शोधायची. दुपार कलली की रॉयपुटला जायची. मीही काही वेळा गेले. सूर्य उतरायला लागला की ती एक पत्र्याचं झाकण आणि लाकडाचा तुकडा घेऊन मेंढवाड्याभोवती फिरायला लागे. ठण, ठण. आत मेंढ्या दबल्या आवाजात बोलत. थंडी दगडांतून वर यायची. ती एका कडेला पोचली की तिला वाटे कोल्हा दुसऱ्या कडेला आहे. मग ती धावे. तिथे पोचली की मान मागे वळे.

"जरा थांब," मी म्हटलं. "दम घे."

"तू दम घे. तुझ्या वाटचाही तूच घे."

ऑफिसात टिकटिक थांबली होती. फॉर्टेननी तिला विचारलं, "सापडलं का कुंपण?" ती म्हणाली, "थांबलं ना." ते तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि निघून गेले. ते चांगले गृहस्थ आहेत. रॉयपुटला नाताळात ते स्वतः पीठ पोचवतात.

आकाशात कृष्णविवर गप्प झालं. डॉ. सिफोकाझींचा आवाज फोनवर बारीक झाला, जणू त्यांच्या बोलण्यानेही काही बिघडेल. कुणी धड जेवत नव्हतं. ऑफिसात माणसं उगाच उठून दुसऱ्याच्या टेबलाशी जात आणि काय विचारायचं होतं ते विसरत. वारा थांबत नव्हता. सगळं गाव रोझेल्डासारखं झालं होतं.

त्याच दिवसांतल्या एका संध्याकाळी कोल्ह्यांनी तिला फसवलं. एक समोर आला, वाऱ्याच्या बाजूने, दिसेल असा. ती झाकण वाजवत त्याच्यावर धावली. दुसरा मागच्या भिंतीवरून उतरला. ऊम लोडी ओरडले. ती वळेपर्यंत तो कोकरू घेऊन गेला होता. भिंतीवर ओला डाग होता, आणि खाली मेंढी एकाच जागी गोल गोल फिरत होती.

पेटी असती तर, असं ऊम लोडी म्हणाले नाहीत. त्यांनी तिच्या हातातलं झाकण घेतलं, ठोकून ठोकून चेपलं होतं ते गुडघ्यावर दाबून सरळ केलं आणि परत दिलं.

ती गाडीत रडली. गाडी चालवत रडली. मी म्हटलं थांबव, तर म्हणाली, "थांबले तर जास्त येईल."

आणि त्याच आठवड्यात कृष्णविवराने फेकलं.

फोन फॉर्टेननी उचलला आणि लगेच कानापासून लांब धरला. पलीकडून डॉ. सिफोकाझी ओरडत होत्या. कृष्णविवराच्या दोन्ही बाजूंना दोन ठिपके दिसत होते. एक किंचित आपल्या रोखाने निघालेला, एक पाठ फिरवून गेलेला. रोज ते लांब सरकत होते. आपल्या रोखाने येणारा इतका झपाझप सरकत होता की आकड्यांवर विश्वास ठेवला तर तो प्रकाशालाही मागे टाकतोय असं वाटावं. तसं नसतं. तो आपल्या प्रकाशाच्या पाठोपाठ धावत असतो म्हणून तसं दिसतं. पण बघणाऱ्याचे डोळे मोठे होतातच.

आमच्या नोंदीत त्या संध्याकाळी एकही ठिणगी नव्हती. स्वच्छ. रोझेल्डाने हे ऐकलं आणि टेबलाचा खण उघडून पुन्हा लावला. मला वाटलं, संपलं. सुटली.

सोमवारी फॉर्टेन मोठं ताट घेऊन आले. त्यांच्या बायकोने तळून पाकात बुडवलेल्या पिठाच्या वेण्या पाठवल्या होत्या. डॉ. सिफोकाझी स्पीकरवर होत्या. सगळ्यांचे आभार मानून झाले. मग त्या म्हणाल्या:

"आणखी एक दिसतंय मला. फेकण्याच्या आधीच्या आठवड्यात एक बारीक थरथर आहे. गप्प होण्याच्या जरासं आधी. कृष्णविवराची असेल तर फार मोठी गोष्ट आहे. फेकण्याआधी ते थरथरतं असं कुणी पाहिलेलं नाही."

कुणीतरी शीळ घातली.

"पण मला शंका आहे," त्या म्हणाल्या. "दर वेळी सूर्यास्तानंतरच कशी? आकाशाला आपला सूर्यास्त काय माहीत? तुमच्याकडे एक कुंपण ऐकू येत होतं ना? ते नेमकं कुठे होतं हे कळलं तर मी तेवढंच वजा करून बघेन. काही उरलं तर कृष्णविवराचं. नाही उरलं तर कुंपणाचं."

"जागा सापडली नाही, डॉक्टर," फॉर्टेन घाईने म्हणाले. "आणि आवाजही थांबला. सोडून देऊ ते."

"तिकडे पृथ्वीवरचं काही नव्हतं असं रोझेल्डा म्हणाली तर मी थरथर खरी धरून लिहीन. तिच्या कानावर माझा विश्वास आहे. आहे का ती तिथे?"

फॉर्टेनचं बोट बटणावर होतं. ते रोझेल्डाकडे बघत नव्हते. त्यांना ठाऊक होतं, असं मला आता वाटतं. त्या खोलीत पुष्कळ जणांना ठाऊक असावं. रॉयपुटला लहानपणी ती टिकटिक ऐकलेले लोक होते तिथे. कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी तिला वाट करून दिली होती. तिने फक्त बसून राहायचं होतं.

ती उभी राहिली.

"कुंपण," ती म्हणाली. "लोडेवेक फिसाखींचं. रॉयपुट, मेंढवाड्याची भिंत. पेटी जुनी आहे. मधला एक ठोका लंगडतो."

आणि मग, जणू कुणाला माहीतच नव्हतं, "माझे वडील."

माझ्या हातात अर्धी वेणी होती. पाक बोटांवरून मनगटापर्यंत आला तरी मी हात हलवला नाही. स्पीकरमधून डॉ. सिफोकाझींचा श्वास ऐकू येत होता.

"थँक यू, रोझेल्डा," त्या हळू म्हणाल्या. त्यांना बाकीचं काही माहीत नव्हतं.

मी तिला बाहेर गाठलं. ती गाडीच्या चाकांना एकेक लाथ मारत हवा बघत होती.

"का?" मी विचारलं. "कुणी विचारत नव्हतं."

"ती विचारत होती."

"ती तिकडे केपटाउनला! पा इथे आहेत."

"मला सांगतेस पा कुठे आहेत ते?" तिने चौथ्या चाकाला लाथ मारली. "आव्रिल, ती थरथर जगभर गेली असती. शहाणी शहाणी माणसं तिच्यावर गणितं मांडत बसली असती. आमच्या मेंढ्यांच्या कुंपणावर." ती हसली. हसू मधेच तुटलं. "आणि दर वेळी कुणी ते वाचलं असतं, तेव्हा मी खोटी पडले असते. त्यांना कळलं नसतं. मला ऐकू आलं असतं."

डॉ. सिफोकाझींनी रॉयपुटची जागा धरून वजाबाकी केली. थरथरीतलं काहीच उरलं नाही. त्यांनी फेकल्याचं तेवढं लिहिलं.

महिनाअखेर रॉयपुट रिकामं करायचं ठरलं. फॉर्टेन स्वतः सांगायला निघाले होते. रोझेल्डा म्हणाली, "मीच सांगते." मी गाडीतच बसले, पण काच खाली होती.

ऊम लोडींनी सगळं ऐकून घेतलं.

"तू सांगितलंस?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो, पा."

"उभी राहून?"

"उभी राहून."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत.

आपली गाढवगाडी घेऊन ते गावात तिच्या मागच्या खोलीत राहायला आले. गाढवं चर्चच्या मागे चरायची. त्यांच्या मेंढ्या ब्रिंकांच्या शेतावर तात्पुरत्या ठेवल्या होत्या. खोलीच्या खिडकीसमोर रस्त्याचा दिवा होता, त्याने ते हैराण होत. दुपारी अंगणात फेऱ्या घालत. रोझेल्डा कामावरून आली की ती आत फेऱ्या घाले. ते बाहेर, ती आत. मी जेवायला गेले की तिघांची ताटं मांडली जायची आणि मी एकटीच बसलेली असे.

"ऊम, थोडं मटण घ्या ना."

"तुझ्या मैत्रिणीला दे. राखण करून दमलीय."

ती खिडकी उघडायला उठे.

एका सकाळी गाढवगाडी नव्हती. मेंढ्या ब्रिंकांकडून नेल्या होत्या. ट्रंक उघडी होती आणि पेटी गेली होती. शेजारच्या बाईने ऊम लोडींना पाहिलं होतं. टोपी उचलून त्यांनी गुड मॉर्निंग म्हटलं होतं. कुठे निघाले, ते तिने विचारलं नव्हतं. गाडीवाल्यांना ते कुणी विचारत नाही.

रोझेल्डाने आधी शेतांवर विचारलं. मग दुकानांत, दारूच्या गुत्त्यात, पेट्रोल पंपावर. कुणी म्हणे डोंगरापलीकडे पाहिले, कुणी म्हणे उत्तरेला. कातरणीच्या दिवसांत सगळ्या वाटांवर गाढवगाड्या असतात. ती प्रत्येक गाडीपाशी थांबायची. ती बारीक झाली. ऑफिसात ती अजूनही उभी राहून नावं सांगत होती, पण आता कुणी तिची चेष्टा करत नसे. तेच तिला जास्त लागत असावं.

उन्हाळा चढला. एके दिवशी डॉ. सिफोकाझींचा फोन आला. त्या दोन ठिपक्यांतला एक पुन्हा दिसला होता. मधले कित्येक आठवडे काहीच नव्हतं, विझला असं धरून त्यांनी बघणंही कमी केलं होतं. आता तो कृष्णविवरापासून फार लांब होता. तिथे विरळ वायूवर जाऊन आदळला आणि पुन्हा उजळला. रोझेल्डाने ते दारात उभ्याने ऐकलं. भिंतीवरची गाडीची किल्ली काढली.

"येतेस?" तिने मला विचारलं. "हद्दीवर मोजणी आहे."

हद्दीचा रस्ता दक्षिणेच्या डोंगरामागून जातो. तिथून तबकड्या दिसत नाहीत. तारेच्या या बाजूला हद्द, त्या बाजूला कुणाचीही जमीन. ऊन उतरत होतं. रोझेल्डाने अँटेनाला जोडलेला गाडीतला स्पीकर चालू ठेवला होता. खरखर, नुसती खरखर. ती ओठ चावत गाडी हाकत होती.

सूर्य टेकडीला लागला आणि स्पीकर बोलला.

टिक. टिक. टिक.

तिने ब्रेक मारला. मागची धूळ आम्हाला गाठून पुढे निघून गेली.

टिक. आणि एक ठोका लंगडला. उशिरा आला. टिक. टिक.

"हे..." मी म्हटलं.

"गप्प." तिने हात वर केला. टपावरची अँटेना फिरवली, डावीकडे, परत उजवीकडे. आवाज वाढला. तिने डोळे मिटले होते. तिला मी कधीच इतका वेळ एका जागी पाहिलं नव्हतं.

"हद्दीबाहेर आहे," ती म्हणाली.

"मग सोमवारी ऐकवायचं नाही?"

"बाहेरचं काय ऐकवायचं?" तिने गिअर टाकला. चुकीचा पडला. पुन्हा टाकला.

दोन फाटकं उघडावी लागली. दोन्ही मी उघडली, कारण ती गाडीतून उतरली असती तर पळतच गेली असती. एका कोरड्या ओढ्याच्या काठी गाढवगाडी होती, गाडीवर ताडपत्री, शेजारी विस्तव. मेंढ्या काटक्यांच्या कुंपणात बसलेल्या होत्या आणि वरून तार गेलेली होती. ऊम लोडी केटलीवर वाकले होते. त्यांनी आधी गाडीच्या टपाकडे बघितलं, अँटेनाकडे. मग लेकीकडे.

"आला का आकाशातल्या बाईसाहेबांना त्रास?"

"नाही, पा. मधे डोंगर आहे."

"नक्की?"

"मोजून आले."

त्यांनी केटली खाली उतरवली. "कोकरं आहेत. या वेळची सगळी आहेत." मग माझ्याकडे वळून, "आव्रिल, बस. चहा आहे. साखर नाही."

मी बसले. रोझेल्डा उभीच होती. हात कुठे ठेवायचे ते तिला समजत नव्हतं.

"पेटी नीट करून देऊ का?" तिने विचारलं. "एक तुकडा बदलावा लागेल. माझ्याकडे आहे."

"नको."

"ठोका लंगडतोय, पा."

"लंगडू दे. नीट चालायला लागली तर ती कुणाचीही पेटी होईल." त्यांनी पत्र्याच्या पेल्यात चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला. "तुला कसं कळणार मग?"

तिने पेला घेतला. पिऊन टाकला, कढत होता तरी. पेला खाली ठेवला, आणि अंधार पडायच्या आत एक फेरी मारून येते म्हणाली. कुंपणात वीज होती, राखायची गरज नव्हती. ऊम लोडींनी तिला थांबवलं नाही. ती तारेच्या कडेकडेने चालत गेली आणि ते तिच्याकडे बघत, तिच्यासाठी पुन्हा पाणी चढवायला लागले.